‘इतिहासकारांच्या मते’ पुढे ‘कोणत्या?’ असा टॅग लावला तर तो उडवतात, मग करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुमच्या तालुक्यातल्या किल्ल्याच्या विकिपीडिया पानावर ‘इतिहासकारांच्या मते हा किल्ला शिलाहारांनी बांधला’ असं वाक्य होतं, तुम्ही त्यापुढे ‘कोणत्या इतिहासकारांच्या?’ असा टॅग (म्हणजे वाक्यापुढे बारीक अक्षरात दिसणारी शंकेची खूण) लावला आणि दहा मिनिटांत कुणीतरी ‘हे सगळ्यांना माहितीये’ म्हणून तो काढला. आता टॅग परत लावू की वाक्यच उडवू, असं विचारताय.

दोन्ही नका करू, निदान लगेच तरी नको. असा टॅग बघून चिडणारा माणूस मी स्वतः होतो म्हणून सांगतोय.

दहा-बारा वर्षांपूर्वी नवीन नवीन एडिटिंग शिकलो तेव्हा पहिलं काय केलं तर आमच्या गावाच्या पानावर जाऊन लिहिलं, ‘गावात पुरातन हेमाडपंती मंदिर असून ते सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहे असे जाणकार सांगतात.’ आता हे जाणकार म्हणजे कोण, तर आमचे आप्पाकाका, ओट्यावर बसून सुपारी कातरत ते हे सगळ्या पाहुण्यांना सांगायचे. चार दिवसांनी बघतो तर ‘जाणकार’च्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘कोण?’. डोकं सटकलं, म्हटलं गावचा मी, आणि हा कोण मला विचारणारा, काढून टाकला टॅग. त्या भल्या माणसाने तो परत लावला नाही, भांडला नाही, चर्चा पानावर (लेखाबद्दल बोलायला त्याला जोडलेलं वेगळं पान असतं तिथे) एकच ओळ टाकली की हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, म्हणजे तेरावं शतक, मग मंदिर हजार वर्षांचं कसं?

गपच बसलो. माझ्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याशी जुळत नव्हता आणि ‘जाणकार सांगतात’च्या पांघरुणाखाली ते कधी दिसलंच नव्हतं. (हे फक्त माझंच नाही हं, अंबरनाथच्या शिवमंदिरालाही लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात, तिथल्या शिलालेखावर मात्र शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०, हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधी. आपल्याकडे चुना न वापरता दगडावर दगड रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती.)

मग सुट्टीत गावी गेल्यावर जाणकार शोधायला निघालो. आप्पाकाका म्हणाले गुरवाने सांगितलं, गुरव म्हणाला अहो बाहेर बोर्ड लावलाय की, वाचा. बोर्ड वाचला तर त्यावर माझंच वाक्य, शब्दन् शब्द, त्या ‘असून’सकट! जीर्णोद्धाराच्या वेळी पोरांनी मोबाईलवरून उतरवून पेंटरला दिलेलं. मी त्या बोर्डाचा फोटो काढून संदर्भ म्हणून जोडला असता तर चक्र पूर्ण झालं असतं, आणि असं जोडणारे आहेत बरं का.

तर टॅगचं काम हेच आहे, वाक्य खोटं आहे असं तो म्हणत नाही, बोलणारा कोण तेवढं विचारतो. इंग्रजी विकिपीडियावर ‘कोण?’, ‘कोणाच्या मते?’, ‘कोणते?’ असे वेगवेगळे साचे (टेम्प्लेट, म्हणजे टॅग लावायचे तयार कोड) आहेत, दुहेरी महिरपी कंसात साच्याचं नाव आणि महिना-वर्ष टाकलं की पान त्या महिन्याच्या यादीत जातं आणि ज्यांना असली साफसफाई आवडते ते तिथून एकेक उचलतात. मराठीत सगळ्यात जास्त दिसतो तो ‘संदर्भ हवा’. इंग्रजीत ‘जाणकार सांगतात’सारख्या शब्दांना वीझल वर्ड्स म्हणतात, वीझल म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, तो म्हणे अंड्याचं कवच शाबूत ठेवून आतलं सगळं शोषून घेतो, तसंच या शब्दांनी वाक्य दिसायला शाबूत पण आतून पोकळ. बघा, मी पण ‘म्हणे’ लिहिलंच! मराठीत हे फारच स्वस्त आहे, इंग्रजीवाल्यांना अख्खं वाक्य रचावं लागतं, आपलं एका ‘म्हणे’त भागतं, आणि जरा नटवायचं असेल तर ‘असे मानले जाते’. गंमत म्हणजे २०१० साली कॉम्प्युटरवाल्यांनी अशी संदिग्ध वाक्यं मशीनला ओळखायला लावायची स्पर्धा घेतली होती, त्यासाठी विकिपीडियातलेच असे टॅगवाले परिच्छेद वापरले होते.

आता तुमच्या किल्ल्याकडे येऊ. आधी स्वतः अर्धा तास शोधा. दक्षिण महाराष्ट्रातले कितीतरी किल्ले शिलाहार घराण्यातला राजा दुसरा भोज याच्या नावावर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हे ‘इतिहासकार’ म्हणजे इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) निघतं, आणि तेही कित्येकदा ‘परंपरेने असं सांगतात’ एवढंच म्हणतं. तसं सापडलं तर टॅगची गरजच नाही, सरळ लिहा ‘१८८५ च्या सातारा गॅझेटियरनुसार स्थानिक परंपरा हा किल्ला भोज राजाने बांधल्याचे सांगते’ आणि पान नंबर द्या. कोणी रिव्हर्ट करणार नाही (म्हणजे तुमचा बदल उलटवणार नाही), केलं तर तोच अडचणीत येईल. काहीच नाही सापडलं तर चर्चा पानावर लिहा की मी अमुक अमुक बघितलं, नाव मिळालं नाही, कुणाकडे असेल तर जोडा, आठवडाभर थांबा आणि मग टॅग लावा. नुसता टॅग मारून पळणाऱ्यांचा लोकांना राग येतो आणि तो काही अगदीच चुकीचा नाही.

सगळीकडे पण लावत सुटू नका. प्रस्तावनेत ‘अनेक अभ्यासकांच्या मते’ असेल आणि खाली तीच नावं संदर्भासकट आली असतील तर तिथे टॅग म्हणजे खोडसाळपणा. आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच दिली असेल तर ‘कोणाची?’ विचारण्यापेक्षा कुठल्या स्थळपुराणात आहे ते बघा. उलटंही होतं, पक्की गोष्ट ‘काहींच्या मते’ करून ठेवतात, शिलालेखात साल कोरलंय तरी ‘काही जाणकारांच्या मते १०६०’, तिथे टॅग नको, ‘काहींच्या मते’च खोडा. आणि जिवंत माणसाच्या पानावर ‘यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप असल्याचे बोलले जाते’ असं बिनसंदर्भ दिसलं तर टॅग वगैरे काही नाही, आधी वाक्य काढा, मग चर्चा.

किल्ल्याचं नाव कमेंटमध्ये टाका. सातारा आणि कोल्हापूरचे जुने गॅझेटियर माझ्याकडे पीडीएफमध्ये आहेत, आज रात्री जेवणानंतर बघून पान नंबर कळवतो.