ऑन्टारियोत बालशिक्षिका व्हायचंय? निघण्याआधी आपल्या कॉलेजात जाऊन प्रात्यक्षिकाचं पत्र घ्या

ताई, बालवाडीतला सहा वर्षांचा अनुभव आणि बालशिक्षणाचा डिप्लोमा कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, टोरोंटोत चालेल का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, पॉइंट्स, फी यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, त्यात शिरत नाही.

इथे ‘अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर’ हे पद कायद्याने राखीव आहे. ‘कॉलेज ऑफ अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर्स’कडे नोंदणी झाल्याशिवाय ते नावापुढे लावता येत नाही. (नावात कॉलेज असलं तरी तिथे कुणी शिकवत नाही, ही नोंदणी करणारी संस्था आहे.) सगळा भर तुमच्या शिक्षणावर, आणि घोडं अडतं ते प्रात्यक्षिकापाशी. आपल्या गुणपत्रिकेत ‘प्रॅक्टिकल : 100 पैकी 82’ एवढंच छापलेलं असतं. कोणत्या वयाच्या मुलांसोबत, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, याचा पत्ता नसतो. म्हणून आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर तेवढं लिहून घ्या, सोबत विषयवार अभ्यासक्रम शिक्क्यानिशी. इथून फोन करून हे मिळवणं म्हणजे ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकत बसणं. डीएड, बीएडवर विसंबू नका. सरकारी शाळांतल्या शिक्षकांची नोंदणी वेगळी संस्था करते.

नावाचंही आत्ताच निस्तरा. प्रमाणपत्रावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं आणि मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, हे इथल्या कारकुनाच्या डोक्यात शिरत नाही. लग्नाचा दाखला आणि गॅझेटची प्रत जवळ ठेवा.

नोंदणी होईपर्यंत मदतनीस म्हणून डेकेअरमध्ये काम मिळतं. पोलिसांचा ‘व्हल्नरेबल सेक्टर चेक’ (मुलांसोबत काम करणाऱ्यांची गुन्हे-पडताळणी) आणि लहान मुलांच्या सीपीआरसह फर्स्ट एड, हे दोन कागद लागतात. मुलं आणि सांभाळणाऱ्यांचं प्रमाण साधारण असं: दीड वर्षाखालच्या 10 बाळांना 3 मोठी माणसं, दीड ते अडीच वर्षांच्या 5 मुलांना 1, त्यापुढच्या, शाळेआधीच्या वयाच्या 8 मुलांना 1. एकीला बाथरूमला जायचं तरी आधी बदली बोलवावी लागते. दिवसभराच्या मुलांना हवा बरी असेल तर रोज किमान दोन तास बाहेर न्यायचं. हिवाळ्यात आधी स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी, सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी चढवले तर मूल स्वतः चेन ओढू शकत नाही, आणि पंधरा चेनी तुम्हालाच ओढाव्या लागतात. दारातून बाहेर पडताना आणि आत येताना डोकी मोजायची.

आपल्याकडची एक सवय मात्र नोकरी घालवेल. ‘हा चिऊचा, हा काऊचा’ म्हणत, मूल तोंड फिरवत असताना घास भरवणं. मुलाला मनाविरुद्ध खायला लावणं इथल्या नियमांत शारीरिक इजेत मोडतं. ताट समोर ठेवायचं, न खाल्लं तर नाही, आणि पालकांना तसं कळवायचं. पहिले काही महिने हात शिवशिवतात.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

सलतं ते वेगळंच. मूल कोणत्या वर्गात बसणार, हे इथे जन्मसालावर ठरतं. ज्या वर्षी सहा पूर्ण होणार त्या सप्टेंबरात पहिली, मग मूल डिसेंबरचं असलं तरी. तिकडे सीनियर केजीत जोडाक्षरं वाचणारी पोर इथे वाळूत खेळते. खेळण्यातून शिक्षण व्हावं हे आपण पालकांना कंठशोष करून सांगतो, पण आपल्याच पोरीच्या वेळी मन मानत नाही. शिवाय नव्या भाषेत ती सुरुवातीला गप्प होईल. ते स्वाभाविक आहे हे आपण शिकलोय, त्याने घरात काही सोपं होत नाही. घरी मराठीच बोला, कुणी काहीही सांगो.

आणि वेळ. डेकेअर सकाळी सातला उघडतं, शाळा भरते त्यानंतर तास-दीड तासाने. म्हणजे इतरांची पोरं सांभाळायला जाताना आपलं पोर शाळेआधीच्या पाळणाघरात सोडायचं. हा राग माझा अजून गेलेला नाही. या पाळणाघरांतल्या जागांना अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते. घराचा पत्ता पक्का झाला की नोकरीच्या अर्जाआधी तिथे नाव घाला आणि मुलाखतीत सकाळी डेकेअर उघडण्याची पाळी नको, असं स्पष्ट सांगा. नवीन माणसाच्या गळ्यात तीच मारतात.