आजोबांची जुनी रॅले: रंग खरवडायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९५० च्या दशकातली इंग्लिश रॅले सायकल वाईच्या घरी पडवीत इतकी वर्षं पडून आहे. काळा रंग मळलाय, जागोजागी गंज आहे, पायडल फिरत नाही. गॅरेजवाला म्हणतो, सगळं सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरवडून, नवा चकचकीत रंग मारून देतो. करू का?

नका करू. कृपा करून नका करू. आधी सायकल धुवा, मग खोला, आणि रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. बहुतेक वेळा तो करावाच लागत नाही.

हे मी इतकं ठासून सांगतो कारण ही चूक मी केलेली आहे. मी नॉटिंगहॅमजवळ राहतो. रॅले याच गावची. रॅले स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरचा एक लहानसा कारखाना फ्रँक बाउडन यांनी हाती घेतला आणि १८८८ च्या डिसेंबरात कंपनी उभी केली. तुमच्या सायकलच्या तोंडावर बगळ्याची मान असेल, ती बाउडन घराण्याच्या मानचिन्हातून आलेली. ट्रायम्फ रोडवरचा मोठा कारखाना आता नाही. त्या जमिनीच्या काही भागावर विद्यापीठाच्या इमारती आहेत आणि मी रोज तिथूनच कामाला जातो. इथे आल्यावर मला पहिली जुनी सायकल मिळाली ती रज, म्हणजे १९४३ नंतर रॅलेच्याच ताब्यात असलेला ब्रँड, दातेरी चक्रात हाताचा पंजा कोरलेला. मी उत्साहात ती फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दिली. परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. पण लगांच्या, म्हणजे नळ्यांच्या जोडावरच्या पोलादी बाह्यांच्या, धारदार कडा त्या जाड थराखाली बुजून गेल्या होत्या, सोनेरी रेघा गेल्या होत्या, सीटच्या नळीवरचं कारखान्याचं चित्र गेलं होतं, आणि आट्यांत वाळू शिरली होती. रॅले रंगाच्या आधी लोखंडाला गंजरोधक फॉस्फेटचा थर द्यायची आणि त्यावर इनॅमल भट्टीत भाजायची. तो थरसुद्धा वाळूच्या माऱ्यात गेला. रंग परत मारता येतो, हे परत आणता येत नाही. त्यानंतरची सायकल मी एक अख्खा हिवाळा घालवून, ब्रशला हात न लावता केली. आज दोन्ही शेजारीशेजारी उभ्या असतात आणि बघणारा प्रत्येक जण त्या दुसरीसमोर थांबतो.

आता तुमची सायकल नक्की कुठली ते बघा. त्या काळात आपल्याकडे रॅले दोन वाटांनी यायची: नॉटिंगहॅमहून बोटीने, आणि आसनसोलच्या सेन-रॅलेच्या कारखान्यातून. तोंडावरच्या बिल्ल्यावर ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ अशी इंग्रजी अक्षरं आहेत का पाहा. पुढच्या चिमट्याच्या खांद्याकडे पाहा. रॅलेच्या चिमट्याला वर दोन गोल टोपणांसारखी चकाकती टोकं असतात, ती दुरूनही ओळखू येतात. दातेऱ्या चक्रात बगळे कोरलेले असतील. मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्टर्मी-आर्चर असं गिअरचे हब बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल तर तुमचं नशीब थोर, कारण त्या हबवर तारीख ठोकलेली असते. माझ्या हबवर ‘एडब्ल्यू’ हे मॉडेलचं नाव आणि खाली ‘५८ ३’ आहे, म्हणजे मार्च १९५८. हब नंतर कुणी बदललेला नसेल तर सायकलही साधारण त्याच सुमाराची. फ्रेमचा नंबर सीटखालच्या लगवर सापडण्याची शक्यता जास्त, पण नुसत्या नंबरावरून वर्ष काढायला जाऊ नका, त्यात गोंधळ फार आहे.

लग म्हणजे काय हेही सांगतो, कारण या सायकली टिकल्या त्या त्याच्यामुळे. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे एक पोलादी बाही असते, त्या बाहीत नळ्या घालून पितळेने झाळलेलं असतं. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, पोलाद वितळत नाही. म्हणजे जोड होताना नळी स्वतः विरघळत नाही, आणि उद्या एखादी नळी वाकली तर तोच जोड तापवून ती काढता येते, दुसरी बसवता येते. वेल्डिंग केलेल्या फ्रेममध्ये हे इतकं सरळ नसतं. म्हणून फ्रेम बाद झाली असं कुणी सांगितलं तर लगेच मानू नका. फक्त एक तपासणी करा: हँडलच्या लगच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. तिथे लाट किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे. लगच्या कडेला केसासारखी भेग आहे का तेही उन्हात धरून बघा. भेग असेल तर झाळकाम नीट जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय बसू नका.

धुण्याची रीत. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. थिनर आणि पेट्रोल रंगाच्या जवळपासही नको. फ्रेमवरची चित्रं आणि अक्षरं पाण्याने चिकटवलेल्या पातळ कागदी ठशांची असतात, वर वार्निशचा एक हात, आणि थिनरने ती पुसली जातात. सोनेरी रेघांवर आडवं घासू नका, रेघेच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. दोनतीनदा धुतल्यावर खालून जो काळा रंग येईल त्यावर साधं मेण चढवा. जिथे रंग उडून गंज आलाय तिथे अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हळू फिरवा, पुसा, आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. ते वाळून पापुद्रा धरतं आणि पुढचा गंज थोपवतं. मात्र तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, हे खरोखर घडतं. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. बिल्ला पितळी असेल आणि पितांबरीने घासायचा मोह झाला तर तोही आवरा, खोलगट भागातला रंग निघून जाईल.

हँडल, रिम, क्रँक (पायडलचा दांडा) या चकाकत्या भागांवरच्या गंजाला स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद पुरतो. चुरगळा, पाण्यात बुडवा, घासा. काम बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. सुटे नट-बोल्ट, स्टँड, कॅरिअरच्या पट्ट्या यांच्यासाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड: दहा लिटर पाण्यात शंभरेक ग्रॅम, रात्रभर, प्लॅस्टिकच्या टबात. ते विषारी आहे. हातमोजे घाला, उघड्यावर करा, मुलं आणि जनावरं लांब ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच वाळवून तेल लावा.

आता खरं काम. पायडल फिरत नाही म्हणता, म्हणजे बहुधा मधल्या अ‍ॅक्सलमधलं ग्रीस दगड झालंय. तिथे पोचायला क्रँक अ‍ॅक्सलवर घट्ट धरणारी पाचरीसारखी कॉटर पिन काढावी लागते, आणि जुन्या सायकलींचे सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. आधी चार-पाच दिवस दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल सोडत राहा. मग नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करा, पूर्ण काढू नका, म्हणजे हातोडीचा मार आट्यांवर न येता नटावर येईल. क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत जाड लोखंडी नळीचा टेकू द्या. टेकू न देता ठोकलंत तर सगळा धक्का आतल्या छऱ्यांवर आणि कपांवर, म्हणजे छरे ज्यात फिरतात त्या वाट्यांवर, जातो. टेकू दिल्यावर एकच सणसणीत घाव, दहा भित्रे घाव नकोत. ही कला आपल्याकडच्या जुन्या सायकलवाल्यांच्या हातात अजून आहे. इंग्लंडात मला कॉटर काढून देणारा माणूस शोधायला महिने लागले. तुमच्या वाईच्या किंवा साताऱ्याच्या बाजारपेठेत असा एक म्हातारा कारागीर नक्की असेल, त्याला शोधा. नवीन कॉटर घेताना जुनी बरोबर न्या, जाडीत बारीक फरक असतात. दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने बसतात, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

आतला उजव्या बाजूचा, म्हणजे चेनच्या बाजूचा कप काढायचा प्रयत्न करू नका. त्याचे आटे उलटे असतात आणि तो पन्नास-साठ वर्षं घट्ट बसलेला असतो. डावा कप काढला की आत हात पोचतो, उजवा जागच्या जागी रॉकेलने साफ होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रॅलेने या कपांना आणि हँडलच्या कपांना इंचाला २६ आटे ठेवले होते, बाकीच्या इंग्लिश सायकलींना बहुतेक २४. बाजारातला नवा कप एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि कुणीतरी पान्याला नळी लावून तो दामटतो. तिथे फ्रेमचे आटे कायमचे जातात. जुने कप सांभाळा. त्यांचं पोलाद फार कणखर आहे, थोडे खड्डे पडलेले असले तरी नवे छरे आणि ताजं ग्रीस घातलं की ते पुन्हा वर्षानुवर्षं चालतात. मधल्या अ‍ॅक्सलला पाव इंची छरे, प्रत्येक बाजूला अकरा. जुन्यांत नवे मिसळू नका, सगळे बदला, खर्च काहीच नाही. डाव्या पायडलचेही आटे उलटे, हे तर सायकलवाला सांगेलच.

हँडल निघत नसेल तर वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. आतलं पाचर सुटून खाली जातं आणि हँडल मोकळं होतं. पूर्ण बोल्ट काढून हँडल पिळत बसू नका.

स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर तो उघडायची घाई नको. बहुतेक वेळा त्याला फक्त तेल हवं असतं. हबच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्यातून चमचाभर पातळ इंजिन ऑइल सोडा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. चाक थोडं फिरवा, एक रात्र तसंच ठेवा, दुसऱ्या दिवशी परत तेल सोडा. दुसरा गिअर सरळ एकास एक असतो, पहिल्यात चाक पाऊण पटीने फिरतं, तिसऱ्यात एक आणि एक तृतीयांश पटीने. केबल लावताना सायकल दुसऱ्यात टाका आणि उजव्या नटाच्या खिडकीतून बघा: आतल्या सळईचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाच्या बरोबरीत दिसला पाहिजे. हे जमलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये गिअर सुटतो, आणि उभं राहून जोर लावत असाल तर पाय खाली घसरून माणूस नळीवर आपटतो. पाच मिनिटं घालवा, पण हे बघाच.

टायरची चिंता करू नका. मोठ्या चाकाची रोडस्टर असेल तर टायर २८ बाय दीडचा, आणि ते माप आपल्या काळ्या सायकलींना आजही लागतो. मी माझे टायर पुण्याहून बहिणीच्या बॅगेतून आणवले, इथे तेच माप धड मिळत नव्हतं. पुढे ३२ आणि मागे ४० तारा ही जुनी इंग्रजी पद्धतही आपल्याकडे टिकून आहे, त्यामुळे आऊट काढायला आणि तुटलेली तार बदलायला कुणीही चालेल.

चामड्याची सीट मूळची ब्रुक्सची असेल तर तिला तेलात भिजवू नका. चामडं मऊ पडून झोळीसारखं लोंबतं. मेण आणि चरबीचं सीटसाठी मिळणारं मलम वरून आणि खालून पातळ लावा, आठवडाभर थांबा, मग नाकाखालचा नट अर्धा फेरा ताणा. तडा आरपार असेल तर ती सीट वापरायची नाही, पण टाकायचीही नाही.

आणि सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लटकत असेल, करभरणीचा, तर तो तिथेच राहू द्या. त्यावरचं वर्ष म्हणजे आजोबा ती सायकल त्या वर्षी रस्त्यावर चालवत होते याचा धातूवर ठोकलेला पुरावा आहे. कॅरिअरला गुंडाळलेली सुतळी, मडगार्डवर हाताने लिहिलेलं नाव, डायनॅमोची तुटकी वायर, हे सगळं काढायच्या आधी फोटो काढा. पुण्याला जाणं झालं तर कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात एक चक्कर मारा. जुन्या सायकलीवर मूळचं काय काय असतं ते समोर बघितलं की तुमच्या सायकलवर काय मूळचं आणि काय नंतर जोडलेलं हे ओळखणं सोपं जाईल.

शेवटी ब्रेक. रॉड ब्रेकचे, म्हणजे केबलऐवजी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे, रबर कडक होऊन काचेसारखे झालेले असतात, ते नवीन टाका आणि रॉडच्या सांध्यांत तेल सोडा. तरीही ओल्या स्टीलच्या रिमवर हे ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत. वाईचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा पावसाळ्यात पसरणीच्या घाटाकडे ती सायकल नेऊ नका. हबवर काय आकडे ठोकलेत ते पुसून बघा आणि कळवा, पुढचं मग त्यावरून ठरवू.