ट्रेलरमधल्या लायनी: कुठं पाईप, कुठं होज

भावा, स्प्रे फोमचा (दोन केमिकल मिसळून फवारायचा फोम) ट्रेलर बांधतोयस तर सगळ्या लायनी पाईपच्याच करायचा हट्ट सोड. दिसायला झकास, पण गगनबावड्याच्या घाटातनं एकदा गाडी उतरली की हादऱ्यानं जोड कुठं ढिले झाले ते हुडकत बसशील.

माझा हिशेब असा. कॉम्प्रेसरमधनं निघताना आधी हातभर लवचिक होज, कारण कॉम्प्रेसर सतत थरथरतो. पुढं भिंतीलगत हवेची मुख्य लाईन तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची, जरा उतार देऊन, शेवटी पाणी काढायला कॉक. ड्रममधनं केमिकल खेचणाऱ्या पंपापाशी परत होज. पीव्हीसी स्वस्त म्हणून हवेला लावू नकोस, फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

केमिकलची गोष्ट वेगळी. तिथं तांबं-पितळ नको. ड्रम बदलताना पंप उचलावा लागतो, म्हणून ड्रमपासनं प्रपोर्शनरपर्यंत (दोन्ही केमिकल ठरल्या प्रमाणात पुढं ढकलणारं मशीन) मी होजच ठेवतो. आयसोसायनेटला (त्या दोन केमिकलपैकी एक, आपण आयसो म्हणतो ते) मात्र ओल अडवणाऱ्या अस्तराचा, साधा रबरी नको. आपल्याकडं जून-जुलैत हवाच ओली. ती ओल आयसोला लागली की आत साखरेसारखे खडे धरतात नि गाळणी तुंबते. माझी पहिली लाईन अशीच गेली. कापून बघितली तर उसाच्या रसाची कढई न धुता ठेवल्यागत आतनं थर!

होज पत्र्याच्या कडेवर घासतो तिथं रबरी बुश घाल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सहज मिळतात.