पंचमीला ये, पण पळून आल्यासारखी नको

उदगीरहून केनियातल्या किसुमूला गेलेल्या एका सुनेचं पत्र आहे. नवरा तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट, मुलगा सात वर्षांचा. 10 ऑगस्ट 2027 ला तिकडं निवडणूक, आणि दंगलीची भीती. सासूबाई रोज फोनवर रडतात, "सगळं सोडून या." नवरा म्हणतो, "काही होत नसतंय." आणि मायलेकांचे निरोप हिच्यामार्फत चालतात.

अगं, आधी ते निरोप पोचवणं बंद कर. "आईला तूच समजाव" आणि "त्याला तूच सांग" या दोन वाक्यांत तुझी झोप उडालीय. सासूबाईंचा फोन आला की नवऱ्याच्या हातात दे आणि सरळ पोळ्या लाटायला जा. उदगीरला साडेनऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडं सात, आणि सातला तो घरी असतो असं तूच लिहिलंयस.

सासूबाईंची भीती उगाचची नाही. डिसेंबर 2007 च्या मतदानानंतर केनियात अकराशेच्या वर माणसं मेली, किसुमूत आपल्या लोकांचीही दुकानं लुटली, जाळली गेली. पण नोकरी सोडून यायचं म्हणजे काय? आपल्याकडं मार्च-एप्रिलात कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, म्हणून त्यांना वाटत असेल, ऑगस्टात पोराला सुटी घ्यायला काय होतंय. तिकडं ऊस वर्षभर गाळतात, हे त्यांना मुलानं स्वतः सांगू दे.

नवऱ्याचं मात्र मला पटत नाही. 2013 आणि 2022 ला 2007 सारखा भडका उडाला नाही, हे खरं. पण 2017 चं काय? 8 ऑगस्टला मतदान झालं, 1 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं निवडणूकच रद्द केली, 26 ऑक्टोबरला फेरमतदान ठेवलं आणि किसुमूत ते होऊच शकलं नाही. कारखान्याच्या कंपाऊंडला वॉचमन आहे म्हणतो, ठीक. शाळा, दवाखाना, बाजार कंपाऊंडच्या आत आहेत का, एवढं त्याला विचार.

तिकडं जीव टांगणीला लागतो तो मतदानानंतर. निकालाला सात दिवस, कोर्टात जायला सात, कोर्टाला निवाड्यासाठी चौदा. म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा धर. त्या वर्षी नागपंचमी मतदानाच्या तोंडावरच आहे आणि गणपती 4 सप्टेंबरला. पंचमीला लेक माहेरी आली, महालक्ष्म्यांना सासरी राहिली, यात कुणी नाव ठेवायला जागा नाही. मी तुझ्या जागी असते तर मुलाला घेऊन आले असते. पण "त्याला एकट्याला टाकून जाववत नाही" असं तू दोनदा लिहिलंयस. तेव्हा ठरव तूच, सासूबाईंच्या रडण्यावर नको आणि नवऱ्याच्या ऐटीवरही नको. राहायचं ठरलं तर घरात तीन-चार आठवड्यांचा किराणा आणि रोख पैसे हवेत, कारण तिथला बराचसा व्यवहार मोबाईलवर चालतो आणि नेटवर्क गेलं तर तो अडतो. नैरोबीच्या भारतीय उच्चायुक्तालयात तिघांची नोंद हवी. आणि ज्या देशात आपल्याला मत नाही तिथल्या पुढाऱ्यांवर नवऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवायचं नाही, हे त्याला ठणकावून सांग.

पत्रातली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा जास्त लागली. मुलानं कामवाल्या बाईला विचारलं, "तू आम्हाला मारशील का?" आणि ती ताट विसळता विसळता थांबली. तू विषय बदललास. तो बदलायला नको होता. 2007 नंतर जे मेले ते बहुतेक केनियाचेच लोक होते. त्या बाईला तुझ्याहून जास्त भीती असेल, आणि विमानात बसून माहेरी जायची सोय तिला नाही. तिच्याशी बोल. त्या महिन्याचा पगार आगाऊ दे, ती वस्तीतून येऊ शकली नाही तरी कापू नकोस. आणि मुलाला तिच्यासमोर सांग, की ही आपली आहे. सात वर्षांच्या पोरानं हे फोनवरच्या रडारडीतून उचललंय, तेव्हा आजीचा फोन त्याच्यासमोर नको.

येणार असशील तर तारीख बदलता येईल असं तिकीट काढ. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड बघ, तुझं आणि मुलाचंही. केनियाहून येणाऱ्याकडं ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं.