एआरटी (एचआयव्हीची औषधं) नियमित चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही, तरी विसरायला होतं. एचआयव्हीमुळे मेंदूला सूज येते का?

येऊ शकते, पण ही सूज पाय सुजतो तशी नव्हे. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू पांढऱ्या पेशींच्या आडून मेंदूत शिरतो आणि तिथल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींत दबा धरून बसतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला तरी या पेशी चिडलेल्याच राहू शकतात. झळ शेजारच्या न्यूरॉनना, म्हणजे मेंदूच्या चेतापेशींना, लागते. मग नावं आठवत नाहीत, हिशेबाला वेळ लागतो. पूर्वीसारखा तीव्र स्मृतिभ्रंश मात्र एआरटीमुळे आता क्वचितच दिसतो.

सगळं खापर एचआयव्हीवर फोडू नका. झोप, नैराश्य, थायरॉइड, बी-१२, शिवाय एआरटीतली एफाविरेन्झची गोळी, हेही डॉक्टरांशी बोलून घ्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

ताप, न थांबणारी डोकेदुखी, मान आखडणं किंवा बरळणं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कमी असेल तर टीबीचा किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) असू शकतो.