वाचकांचे प्रश्न : कापलेली टोपी आणि डब्यातला आंबट वास

प्रश्न : गावातल्या न्यायाचा नि राजकारणाचा एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट, नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरून, आम्ही वाचनालयात दाखवला. दोन्ही कडांना काळे पट्टे, चित्रात दाणे, आणि संवाद अर्धे कळलेच नाहीत. दुरुस्ती कच्ची राहिली का? (राजापूर)

उत्तर : पट्टे आणि दाणे हे दोष नव्हेत. त्या काळच्या बहुतेक मराठी चित्रपटांची चौकट १.३७ : १ अशी, म्हणजे जवळपास चौकोनी. आजच्या १६ : ९ प्रमाणातल्या १० फूट रुंद पडद्यावर ती पावणेआठ फुटांतच बसते. पडदा भरावा म्हणून ‘झूम’ दाबलंत, तर वरचा-खालचा मिळून जवळजवळ पाव भाग जातो. चावडीच्या दृश्यात उभ्या पुढाऱ्याची टोपी कापली जाते आणि खाली बसलेल्या फिर्यादीचे जोडलेले हात दिसत नाहीत. कोण उभा, कोण बसलेला, हे अशा चित्रपटात संवादाइतकंच बोलतं. ‘स्ट्रेच’ तर नकोच, सगळेच पाटील आडवे होतात.

दाणे म्हणजे फिल्मवरची चांदी. ते पुसून टाकले की चेहरे मेणाचे दिसतात. टीव्हीवर दाखवणार असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ आणि ‘नॉइज रिडक्शन’ आधी बंद करा.

आवाजाचं मात्र बहुधा तुमच्याकडेच बिघडलं. मूळ ध्वनी एकपदरी (मोनो). तो मिरवणुकीसाठी लावलेल्या डॉल्बीवरून सोडला की बास फुगतो आणि शब्द बुडतात. एकच स्पीकर पडद्याशेजारी कानाच्या उंचीवर ठेवा, बास उतरवा, शब्द स्पष्ट करणारा २ ते ४ किलोहर्ट्‌झचा पट्टा थोडा चढवा. प्रोजेक्टर एसी गाडीतून आणला असेल तर अर्धा तास पेटीतच राहू द्या. आपल्या दमट हवेत थंड भिंगावर लगेच वाफ धरते.

प्रश्न : पोटमाळ्यावर १६ मिलिमीटर फिल्मचा गंजका डबा सापडला. उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, रिळावर पांढरी बुरशीही आहे. पुसून चालवून बघू का? (वेंगुर्ले)

उत्तर : चालवू नका. फिल्मचा अ‍ॅसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) पाया कुजायला लागला की अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची कूज वाढवतं. फिल्म आक्रसते, भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत आणि कडा फाटत जातात. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. बुरशीने चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर पोखरला असेल तर तो पाण्यात विरघळतो आणि चित्र फडक्यावर येतं.

पत्र्याखालचा पोटमाळा ही सगळ्यात वाईट जागा, वर उष्णता आणि पावसाळ्यात दमट हवा. रीळ गंजक्या डब्यातून काढून पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात आडवं ठेवा. झाकण हवाबंद नको, आम्ल आत कोंडतं. डबा माजघरातल्या कपाटात जमिनीपासून वर, इतर रिळांपासून लांब असू द्या. ४०० फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटांचं, तेव्हा चित्रपट पुरा आहे का याचा अंदाज डबे मोजून येईल. मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. तुमची प्रत एकमेव नसेल, पण अधिक शाबूत असू शकते.

प्रश्न : चित्रपट तिकीट न लावता दाखवला तरी परवानगी लागते का? (दापोली)

उत्तर : हो, हक्कधारकाची. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क २०३५ अखेरपर्यंत. परवानगी लेखी घ्या आणि तारखेसोबत जागाही लिहून घ्या.