पृथ्वीवर प्राणी यायला एवढा उशीर का झाला?

तुमचा प्रश्न असा: पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीही जीव होते, मग नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे प्राणी जेमतेम ५७-५८ कोटी वर्षांपूर्वी का उगवले? मधे एवढा काळ चाललं होतं तरी काय? आणि तेव्हा हवेत प्राणवायू नव्हता हे आज कळतं कसं?

थोडक्यात सांगायचं तर मधे पृथ्वी गंजत होती.

मी भूशास्त्र शिकलो तेव्हापासून माझ्या टेबलावर पट्टेदार लोहखडकाचा एक तुकडा आहे. एका बाजूने घासून गुळगुळीत केलेला. एक लाल पट्टा, एक राखाडी, पुन्हा लाल. काही पट्टे नखाएवढे जाड, काही केसासारखे. चुंबक टेकवला तर राखाडी पट्ट्याला चिकटतो, लाल पट्ट्यावरून घसरतो. राखाडीत मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज आहे, आणि लाल म्हणजे गारेच्या जातीचा दगड, त्यात लोखंडाचा गंज अगदी बारीक विखुरलेला. जगात आज जे लोखंड वापरलं जातं त्यातलं बरंचसं अशाच खडकांतून येतं.

हे लोखंड आधी समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं होतं. पाण्यात प्राणवायू नसेल तर लोखंड मिठासारखं विरघळून राहतं. प्राणवायू भेटला की गंज होऊन तळाशी बसतं. प्राणवायू सोडणारे होते सायनोबॅक्टेरिया: सूर्यप्रकाशावर जगायचं, पाण्याचे रेणू तोडायचे आणि उरलेला वायू बाहेर टाकायचा. (सगळं श्रेय त्यांना देऊ नका. प्राणवायूशिवायच, उजेडाच्या जोरावर लोखंड गंजवणारे जीवाणू आजही आहेत, तेव्हाही असावेत.)

आता खरी गोम. जीवाणू प्राणवायू तयार करतो, पण मेल्यावर तो कुजताना तेवढाच प्राणवायू परत खाल्ला जातो. हिशेब शून्य. शिल्लक उरते ती फक्त मेलेला जीव कुजायच्या आत गाळाखाली गाडला गेला तर. त्या तुटपुंज्या शिलकीवर टपलेलेही भरपूर: समुद्रातलं लोखंड, ज्वालामुखींतून येणारा हायड्रोजन, गंधकाचे वायू. या सगळ्यांची देणी भागल्याशिवाय हवेत काही उरणार नव्हतं. ती भागायला लागली सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यानंतरही हवेतलं प्रमाण बराच काळ आजच्या मानाने फारच कमी राहिलं.

प्राण्याला ते का पुरत नाही? त्याच अन्नातून प्राणवायू वापरून जी ऊर्जा मिळते ती नुसत्या आंबवण्यापेक्षा दहा-पंधरा पट असते. शिवाय रक्ताभिसरण नसलेल्या शरीरात वायू झिरपतच आत जातो, त्यामुळे बाहेर तो कमी असेल तर शरीर जाड होऊच शकत नाही.

साधारण १८० ते ८० कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्याला भूशास्त्रज्ञ 'कंटाळवाणी शंभर कोटी वर्षं' म्हणतात. मला हे नाव पटत नाही. पेशीच्या पोटात दुसरा जीवाणू मुक्कामाला येऊन त्याचा मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर झाला, अशा पेशी याच काळात रुळल्या. शंभर कोटी वर्षांपूर्वीचं लाल शैवाल सापडलंय, तेही लैंगिक प्रजननाच्या खुणांसह. यात कंटाळवाणं काय आहे?

पुढचं भराभर: ७२ ते ६३ कोटी वर्षांच्या दरम्यान दोन महाभयंकर हिमयुगं, बर्फ जवळपास विषुववृत्तापर्यंत, मग एडियाकरन काळातले मऊ अंगाचे जीव, मग ५३.९ कोटी वर्षांपूर्वी केंब्रियन काळ सुरू झाला आणि त्यात कवचं, पाय, डोळे. प्राणवायू हेच एकमेव कारण, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत.

केंब्रियनच्या आधीचे खडक जीवाश्मांविना रिकामे का, याचं उत्तर १८५९ मध्ये डार्विनकडेही नव्हतं आणि त्याने ते कबूल केलं होतं. खडक रिकामे नव्हतेच. १९५४ मध्ये कॅनडातल्या गनफ्लिंट खडकांत सूक्ष्मजीवांचे जीवाश्म सापडल्याचं जाहीर झालं, वय सुमारे १८८ कोटी वर्षं. पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, एवढंच.

राहिला पुराव्याचा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला सोन्याच्या खाणींत प्राचीन नद्यांची खडी मिळते, २८०-२९० कोटी वर्षांपूर्वीची. तिच्यात पिराईटचे दाणे आहेत, नदीत लोळून लोळून गोल झालेले. पिराईट म्हणजे लोखंड आणि गंधक. आजच्या नदीत तो असा लोळत राहूच शकत नाही, पाण्यातल्या प्राणवायूने गंजून विरून जातो. म्हणजे त्या पाण्याला प्राणवायू लागलेलाच नव्हता. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यानंतर साचलेल्या खडीत असे दाणे जवळपास दिसेनासे होतात, आणि थोड्याच अवधीत जमिनीवर साचलेल्या तांबड्या वाळूखडकांचे थर दिसू लागतात. त्यांचा तांबडा रंगही गंजाचाच.